जळितानंतरची वही

घर जळताना आत किती ताव होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. भांडी सांगतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पितळ साधारण नऊशेच्या पुढे, चांदी ९६१ला, सोनं १०६४ला आणि तांबं १०८५ला. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत शिमग्यानंतर थोड्याच दिवसांत एक घर जळालं. त्याच्या स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमचे टोप उरलेच नव्हते. जमिनीवर थिजलेले चंदेरी ओघळ होते. पितळेची कळशी काळीठिक्कर होऊन एका अंगाला बसली होती, पण तिला अजून कळशी म्हणता येत होतं. तांब्याचा बंब नुसता काजळला होता. घरातल्या आजींना वितळण्याचे आकडे ठाऊक असायचं कारण नाही. तरी त्यांनी शेजारून पिठाची चाळण मागून घेतली आणि देवघराच्या कोपऱ्यातली राख चाळायला बसल्या. होणाऱ्या नातसुनेसाठी पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या बोरमाळेचे मणी एकेक करून वर आले. आतली लाख जळून गेली होती, मणी चेपले होते. सोनं मात्र शाबूत होतं.

आजी आणि आबा. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. ‘नावं छापू नका, पावणे विचारीत बसतील,’ असं त्यांनी सांगितलं, म्हणून इथे वाडी ज्या नावांनी हाक मारते तीच. मुलगे दोन, एक दिव्याला, एक नालासोपाऱ्याला. घर आबांच्या वडिलांनी बांधलेलं : जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, मातीत बसवलेल्या, वर मंगलोरी कौलं, पडवी, ओटी, माजघर, मागे गोठा आणि गोठ्यावर माळा. गुरं केव्हाच गेली होती, पण माळ्यावर शेजाऱ्याचा पेंढा होता.

कोकणात घर जळण्याचा एक मोसम असतो. फाल्गुनापासून गवत वाळतं, डोंगराला वणवे लागतात, आणि याच दिवसांत भाजावळ चालते. भाताचा तरवा जिथे करायचा त्या जमिनीवर शेण, पालापाचोळा, कवळ पसरून जाळतात. वारा सुटला की त्यातली एखादी ठिणगी कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. त्यातच शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतलेले असतात. वाडीत उरतात ती म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि थोड्या बायका. आग लागते तेव्हा हंडे उचलायला हात नसतात.

त्या रात्री दोघं उकाड्यामुळे पडवीत झोपली होती, म्हणून वाचली. तालुक्याहून बंब आला, पण खालच्या रस्त्यावरच उभा राहिला. वर वाडीपर्यंत दगडी पायऱ्यांची पाखाडी. बंबाचा पाइप तिथवर पुरेना. मग वाडीने जुनाच उपाय केला. विहिरीपासून हंड्यांची रांग लावली आणि जळत्या घराचा नाद सोडून शेजारच्या दोन घरांवर पाणी मारलं. मधली कौलं उतरवून आगीची वाट तोडली. एक घर सोडून दिलं म्हणून दोन राहिली. हा निर्णय ज्यांनी ओरडून घ्यायला लावला ते स्वतः आबा होते.

पहिले आठ दिवस

सकाळ झाल्यावर जे झालं ते आपल्याकडे सगळीकडे होतं. माणसं धावून आली. वाडीच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरले, कुणीतरी वर्गणीसाठी क्यूआर कोड टाकला, संध्याकाळपर्यंत पिशव्या यायला लागल्या. दोन जणांच्या संसाराला वर्षभर पुरेल इतकी साखर आली. ब्लँकेटं आली, तीही चैत्रात. साड्यांचा ढीग आला, सगळ्या पाचवारी. आजींनी आयुष्यात नऊवारीखेरीज काही नेसलेलं नाही. पहिले काही दिवस त्या शेजारणीच्या एकाच लुगड्यावर होत्या, आणि कोपऱ्यात साड्यांची चवड वाढत होती.

जे हवं होतं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते विचारावं लागतं. आबांचा चष्मा जळाला होता. चष्म्याचा नंबर लिहिलेला कागदही जळाला होता. दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि आजींची साखरेची गोळी गेली होती, आणि गोळीचं नाव दोघांनाही सांगता येत नव्हतं. ‘पांढरी, अर्धी करून घ्यायची’ एवढंच. आबांची कवळी गेली होती. आलेल्या मदतीत चकल्या होत्या. मुलांचे फोन नंबर माजघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेले होते, ते भिंतीबरोबर काळे झाले.

वाडीतली एक मुलगी देवरुखला कॉलेजात शिकते. तिने डोकं चालवलं. औषधाच्या दुकानात गेली, दुकानदाराच्या उधारीच्या वहीतून आजी-आबांच्या गोळ्यांची नावं काढली आणि मग डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणली. म्हाताऱ्या माणसांच्या घराला आग लागली, तर पहिल्या दिवशी विचारायच्या गोष्टी चार : चष्मा, दात, कानाचं यंत्र, गोळ्या. त्यानंतर चपला, आणि रात्री उठून जायला जवळचा संडास. धान्य दोन दिवसांनी आलं तरी चालतं.

झाडू आधी नको

शेजाऱ्यांच्या चांगुलपणाने एक नुकसान मात्र केलं असतं. दुसऱ्याच दिवशी पोरांनी खोरी-घमेली आणून घर साफ करायला घेतलं. एका निवृत्त शिक्षकांनी त्यांना थांबवलं. पंचनाम्याआधी राख हलवली की काय जळलं याचा पुरावाच जातो. आधी चारही बाजूंनी फोटो, मग पोलिसांत जळिताची नोंद, मग तलाठ्याचा पंचनामा. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण वाडीच्या लेखी तो तलाठीच. त्याने वस्तूंची यादी विचारली की लोक घाईने ‘सगळंच गेलं’ म्हणतात, आणि कागदावर ‘संसारोपयोगी साहित्य’ एवढीच ओळ उमटते. शिक्षकांनी आजींना खोलीगणिक फिरवलं. या कोपऱ्यात काय होतं? भाताची कणगी. किती भरलेली? इथे? शिवणयंत्र. इथे? नांगर, जू, दोन कोयते. यादी दोन पानं झाली आणि पंचांच्या सह्या त्या यादीवर झाल्या.

राख उपसतानाही सावधपणा लागतो. गोठ्यावर सिमेंटचे पत्रे होते. ते आगीत फटाक्यासारखे फुटतात, आणि जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते कोरडे झाडले की धुळीबरोबर छातीत जातात. पाणी शिंपडून, नाक-तोंड बांधून, तुकडे न मोडता उचलायचे. शिवाय औषधफवारणीचे डबे, बॅटऱ्या, अर्धवट जळलेल्या वायरी. हे काम सत्तरीच्या माणसांना करू देऊ नये. ती करायला धावतात, कारण ते त्यांचं घर आहे.

सरकारी मदतीचं गणित माणसाने शांत डोक्याने समजून घ्यावं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्या आपत्तींना मदत मिळते त्यांत आग आहे. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये. कपड्यांसाठी कुटुंबाला अडीच हजार, भांड्यांसाठी अडीच हजार. गोठ्याला तीन हजार. दुभती गाय किंवा म्हैस मेली असेल तर ३७ हजार ५००. झोपडीला फक्त आठ हजार. घर ‘घर’ म्हणून नोंदलेलं होतं की नाही, यावर एवढा फरक पडतो. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराचा उतारा, हा कागद सोन्याच्या तोलाचा.

आबांच्या बाबतीत घोडं तिथेच अडलं. उतारा निघाला, पण त्यावर नाव आबांच्या वडिलांचं. वडील जाऊन चाळीसेक वर्षं झाली. घरपट्टी दरवर्षी आबा भरायचे, पावतीवर नाव वडिलांचं पडायचं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वारसांत आबा, एक मयत भाऊ, त्याची तीन मुलं आणि दोन बहिणी. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करायची तर एक पुतण्या सुरतेला, एक बहीण चिपळूणला अंथरुणाला खिळलेली. कोकणातल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, असं सेतू केंद्रात बसलेला कुणीही सांगेल. या कागदांची जुळवाजुळव तेरा पिशव्या साखरेपेक्षा मोठी मदत होती, आणि ती केली त्या कॉलेजच्या मुलीने आणि निवृत्त शिक्षकांनी, एसटीने फिरून.

बाकीचे कागद मात्र वाटले होते तेवढे अवघड गेले नाहीत. सातबारा आणि आठ-अ आता डिजिटल सहीसकट ऑनलाइन मिळतात. आधार पुन्हा छापून येतं. शिधापत्रिकेची दुय्यम प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेतून, पासबुक बँकेतून. घरकुल योजनेत आबांचं नाव नव्हतं, कारण कालपर्यंत त्यांचं चिऱ्याचं, कौलारू घर उभं होतं. यादी तयार होते तेव्हा कुणाचं घर पुढे जळणार हे कुणाला ठाऊक असतं? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही रक्कम तेवढीच, सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. ग्रामसभेने पुढच्या यादीसाठी ठराव केला. पण यादी येईपर्यंत पावसाळा थांबणार नव्हता.

आणि नोटा. आजींनी तांदळाच्या डब्यात पैसे ठेवले होते. डबा स्टीलचा, झाकण घट्ट, म्हणून नोटा पेटल्या नाहीत, भाजल्या. तपकिरी, पापडासारख्या, एकमेकींना चिकटलेल्या. अशा नोटा सुट्या करायला जायचं नाही. फाटलेली नोट बँकेची शाखा बदलून देते. पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सगळ्यात मोठा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असेल तर निम्मे. मात्र जळून ठिसूळ झालेली किंवा एकमेकींना चिकटलेली नोट शाखा घेत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या इश्यू कार्यालयात द्यावी लागते आणि तिथे वेगळ्या पद्धतीने तपासली जाते. आबांच्या धाकट्या मुलाने तो गठ्ठा कापसात गुंडाळून, हात न लावता, डब्यासकट मुंबईला नेला.

आग कशाने लागली, यावर वाडीत अजून दोन तट आहेत. कागदावर शॉर्टसर्किट आलं आहे. अर्धी वाडी भाजावळीच्या ठिणगीवर बोट ठेवते. हा वाद रिकामटेकड्यांचा नाही. सिलिंडरमुळे आग लागली असेल तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत भरपाई मिळू शकते. विजेच्या वाहिनीतला दोष असेल तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीवर दावा उभा राहतो. ‘शॉर्टसर्किट’ असं ढोबळ लिहून मोकळं झालं की हे रस्ते तिथेच बंद होतात. घराचा विमा तर नव्हताच. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरीव पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते, आणि तिच्यात घराबरोबर आतल्या सामानालाही आपोआप संरक्षण असतं. वाडीत ती कुणी घेतलेली नव्हती. दुचाकीचा विमा मात्र प्रत्येकाकडे होता, कारण तो पोलीस विचारतात.

घर कुणाचं, कसं

पंधरवड्यानंतर पिशव्या थांबल्या आणि सल्ले सुरू झाले. मुलांचं म्हणणं, आता दोघांनी मुंबईला चलावं. प्रेमापोटीच होतं ते. पण दिव्याच्या चाळीतल्या एका खोलीत आधीच चार माणसं. आजी एकदाच म्हणाल्या, ‘तितं आमी बसनार कुटं आनि बगनार काय?’ मग तो विषय कुणी काढला नाही.

दुसरा सल्ला हिशेबी होता. या वयात मोठं घर कशाला? पत्र्याची एक खोली पुरे. किती वर्षं राहणार? हे कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण बोलण्याचा रोख तोच होता. तिसरा प्रस्ताव घसघशीत होता. काही दानशूर मंडळींनी पूर्ण घर बांधून देण्याची तयारी दाखवली : त्यांचा ठेकेदार, त्यांचा नकाशा, दीड महिन्यात चावी. अट एवढीच की दर्शनी भिंतीवर देणगीदाराची पाटी आणि गृहप्रवेशाला फोटो. आबांनी नम्रपणे सांगितलं की सिमेंट दिलंत तर उपकार होतील, पाटी नको. मंडळी सिमेंट न देता निघून गेली. वाडीतल्या काहींना आबांचा राग आला. हाताशी आलेलं घर म्हाताऱ्याने घालवलं, असं ते म्हणाले.

महाराष्ट्राने हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर एकदा अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी आखणी, ठेकेदारांनी बांधलेली घरं. पूर्वी भिंतीला भिंत लागून असलेली गावं एकदम ऐसपैस पसरली. म्हाताऱ्या माणसांचा शेजार, देऊळ, पार सगळं लांब गेलं. त्याच वेळी ज्या गावांचं नुकसान कमी होतं, तिथे लोकांना टप्प्याटप्प्याने पैसे आणि तांत्रिक सल्ला देऊन दुरुस्ती त्यांच्याच हाती सोपवली गेली. या दुसऱ्या पद्धतीत घर मालकाच्या गरजेप्रमाणे झालं आणि मालकाला ते कसं टिकवायचं हेही कळलं. घर कुणीतरी बांधून दिलं तर पुढे गळलं तरी माणूस देणाऱ्याची वाट बघतो. आबांनी किल्लारीबद्दल फक्त रेडिओवर ऐकलेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : ‘घर आमचा हाय. कसा बांदायचा ता आमी सांगनार.’

आणि त्यांनी सांगितलं. गवंडी घेऊन भिंतींवरून फिरले. गवंड्याने हातोडीने एकेक चिरा वाजवून पाहिला. टणक वाजला तो ठेवायचा, भद वाजला तो काढायचा. भिंतींचे वरचे थर गेले होते, खालचे भक्कम होते. मातीचे सांधे मात्र तापून सुटले होते. वर छप्पर नसताना पहिला जोराचा पाऊस पडला असता तर उरल्या भिंतीही बसल्या असत्या. म्हणजे मुदत ठरली. मृगाच्या आत छप्पर.

छपराला लाकूड हवं. आबांच्या परड्यात ऐन आणि फणस उभे. पण दोन्ही झाडं राज्याच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत. किंजळ, साग, आंबा, जांभूळ, खैर हेही त्यातच. स्वतःच्या परड्यातलं झाड स्वतःच्या जळक्या घरासाठी तोडायचं तरी आधी परवानगी. ती येईपर्यंत मे उलटला असता. तेव्हा जाड लाकडाच्या एका गुणाने साथ दिली. जाड तुळई आगीत बाहेरून कोळसा होते आणि तोच कोळसा आतल्या लाकडाचं काही काळ रक्षण करतो. जुनं आढं बाहेरून काळं असलं तरी कापल्यावर आत पिवळंधमक निघालं. आढ्याला ते आखूड पडलं, पण त्यातून दोन चौकटी झाल्या. बाकी छप्पर लोखंडी पाइपांचं करायचं ठरलं.

पत्रा की कौलं, यावर घरातच वाद झाला. पत्रा स्वस्त, पण उन्हात तापतो आणि पावसात बोलू देत नाही. कौलं थंड, पण दरवर्षी पावसाआधी चाळावी लागतात, आणि वानरं उड्या मारून फोडतात ती वेगळीच. आबांना आता वर चढवत नाही. शेवटी आजींनीच तोड काढली : राहतो त्या पुढच्या भागावर कौलं, मागच्या बाजूला पत्रा. कौलं नवी घेतली नाहीत. खालच्या वाडीत एक घर पाडून स्लॅब टाकत होते, त्यांची कौलं उतरवून पाखाडीवरून माणसांच्या साखळीने वर आणली. माळा पुन्हा केला नाही. पेंढ्याची उडवी घरापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला.

चुलीवर मात्र आजी अडून बसल्या. आबांना आता घरात विस्तव नको होता. सिलिंडर आहे ना, असं ते म्हणत. आजींना तांदळाची भाकरी चुलीवरच हवी. चूल घरापासून सुटी, चिऱ्याच्या आडभिंतीआड, वर पत्र्याचं खोपट, अशी सोय झाली. उंबरा जवळजवळ जमिनीच्या पातळीला आणला. संडास घरालगत, कमोडचा, भिंतीला धरायला लोखंडी दांडी. वायरिंग करताना वायरमनने फ्यूजच्या जुन्या बोर्डाऐवजी एमसीबी बसवला आणि जोडीला ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा आरसीसीबी. त्यासाठी वेगळे पैसे नव्हते. आबांनी दाराची पॉलिश कमी केली.

वही

बांधकामाच्या पहिल्याच दिवशी आबांनी शाळेची एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. लिहायचं काम त्या कॉलेजच्या मुलीकडे. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कुणी काय दिलं ते लिहितात आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं किंवा थोडं जास्त परत जातं. आबांनी तीच रीत जळिताला लावली. वहीत पैशांबरोबर हातही लिहिले गेले. एकाचे पन्नास चिरे. एकीचं रोज दुपारचं जेवण, गवंड्यासकट. एकाची दोन दिवस जीप. एका घराने काहीच देण्यासारखं नव्हतं म्हणून विहिरीवरून पाणी ओढलं, तेही लिहिलं. मुंबई मंडळाची रक्कम एका ओळीत आली, पण आबांनी वर्गणीदारांची नावं मागवून घेतली आणि ती वेगळ्या पानावर उतरवली.

काही लोक दुखावले. आम्ही काय उसनं देतोय का, असं म्हणाले. शहरातल्या माणसाला तर हे कोतेपणाचं वाटेल. दिलेलं विसरावं अशी आपली शिकवण. पण या वहीमुळे काय झालं ते वाडीत राहणाऱ्याला दिसतं. घर जळाल्यावर पहिल्या आठवड्यात आबा-आजी येणाऱ्या प्रत्येकासमोर हात जोडून उभी राहायची. वही आल्यावर ती खुर्चीत बसून विचारायला लागली : तुझ्याकडे सुतार आहे का? तुला रविवारी जमेल का? मागण्यात लाज उरली नाही, कारण ते खातं होतं आणि खात्याला दोन बाजू असतात. देणाऱ्यालाही काय द्यावं हे कळलं. साड्यांची चवड वाढायची थांबली. देणगीदारांच्या पाटीत हे बसत नव्हतं. पाटीवर एकच बाजू असते.

मदत संस्थांना, मंडळांना आणि आपल्यासारख्या लांबून पैसे पाठवणाऱ्यांना यातून घेण्यासारखं बरंच आहे. म्हाताऱ्या माणसांचं घर उभं करताना पहिला खर्च कागदांच्या धावपळीवर करावा, कारण तो कुणी करत नाही. पैसे एकदम न देता छप्पर, वायरिंग, संडास असे टप्प्यांनी द्यावेत. पण कुठला टप्पा आधी, हे त्यांना ठरवू द्यावं. आणि वाडीने पुढच्या आगीची तयारी आत्ताच करावी. या वाडीने केली आहे. पाखाडीच्या डोक्यावर पाण्याची टाकी, तिला पंप आणि शेवटच्या घरापर्यंत पोचेल असा पाइप, यासाठी मंडळाने पैसे बाजूला काढले. भाजावळीच्या दिवशी दोन माणसं पाण्याचे हंडे घेऊन राखण करतात. प्रत्येक घराच्या कागदांच्या प्रती मुंबईतल्या नातलगाकडे किंवा डिजिलॉकरमध्ये. आणि दोन घरांनी अखेर वारस नोंदीचे अर्ज दिले. सुरतेच्या पुतण्याची सही आणायला पुन्हा कुणाला धावायला नको.

घर मृगाच्या आदल्या आठवड्यात झाकलं गेलं. गिलावा राहिला होता, तो गणपतीनंतर झाला. सरकारी मदतीचा एक हप्ता आला आहे, संमतीपत्रांतल्या एका सहीवरून बाकीचं अजून रेंगाळलंय.

वहीतली पहिली परतफेड भात कापणीत झाली. पन्नास चिरे देणाऱ्या शेजाऱ्याच्या गोठ्याची कौलं काढून पुन्हा बसवायची होती. आबा वर चढले नाहीत. खाली बसून कौलं पुसली, फुटकी बाजूला काढली, चांगली हाती दिली, आणि संध्याकाळी वहीतल्या त्या ओळीपुढे खूण केली. शेजारी वैतागला. ‘आबा, मी परत घ्यायला दिले नव्हते,’ तो म्हणाला. आबांनी वही मिटली. ‘ता खरा,’ ते म्हणाले. ‘पन परत नाय दिला, तर पुडच्या खेपेला तुज्याकडं मागू कुटल्या तोंडानं?’